भुताच्या आधी येणारा आवाज: भयपटाचं संगीत आणि एडिटिंगची कात्री

आजचा भाग भयपटांच्या संगीताच्या इतिहासावर आहे, पण सुरुवात एका हशाने करतो.

बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला आम्ही चौघांनी मिळून कॉलेजच्या फेस्टसाठी नऊ मिनिटांची एक हॉरर शॉर्टफिल्म केली होती. गोष्ट अगदी साधी. हॉस्टेलच्या जुन्या विंगमध्ये एक मुलगा रात्री दोन वाजता बाटली भरायला बाहेर येतो. कॉरिडॉरच्या टोकाला वॉटर कूलर. तो बाटली भरतो, नळ बंद करतो, परत निघतो. पाच-सहा पावलं गेल्यावर मागे पुन्हा पाणी वाहायला लागतं. बस्स. भूत दाखवायला पैसे नव्हते, म्हणून नळालाच भूत केलं होतं.

शूटिंगच्या रात्री आमची आम्हालाच भीती वाटली होती. फेस्टला ऑडिटोरियम भरलेलं. पडद्यावर मुलगा थांबतो, मान वळवतो, आणि व्हायोलिन्सची ती जगप्रसिद्ध किंचाळी सुरू होते. 'सायको'मधली. अख्खं ऑडिटोरियम हसलं. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे, आंघोळीला गेलाय का?"

ती व्हायोलिन्स मी टाकली होती, आदल्या रात्री. खरं तर त्या जागी दुसरं संगीत तयार होतं. ते माझ्या रूममेटने केलं होतं. तो पेटी वाजवायचा. कॉटखाली त्याची जुनी पेटी असायची, आजोबांची. मी त्याला न विचारता त्याचा ट्रॅक काढला. त्याला ते कळलं सगळ्यांबरोबर, त्या ऑडिटोरियममध्ये बसून. तो हसला नाही, भांडलाही नाही. रूमवर येऊन झोपला. त्याच्याकडे आपण शेवटी परत येऊ.

त्यानंतर बरीच वर्षं मला एक प्रश्न पडत राहिला. सीन तोच होता, मग बिघडलं नेमकं काय? उत्तर शोधताना कळलं की माझ्या आधी बऱ्याच मोठ्या लोकांनी एडिटिंग टेबलवर बसून हाच गोंधळ घातलाय. काहींचा सिनेमा वाचला, काहींची मैत्री गेली. तर चला, मूळ व्हायोलिन्सपासूनच सुरू करू.

साल १९६०. आल्फ्रेड हिचकॉक तेव्हा मोठा दिग्दर्शक होता, पण 'सायको' त्याने आठ लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे त्याच्या मानाने कमी पैशात केला. आपल्या टीव्ही मालिकेचं युनिट घेऊन, कृष्णधवल. संगीतकार होता बर्नार्ड हरमन. त्याने फक्त तंतुवाद्यं घ्यायचं ठरवलं. व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बेस. ना ढोल, ना बासरी, ना ट्रम्पेट. चित्रात रंग नाहीत, तर आवाजातही नकोत, असा त्याचा हिशेब होता.

हिचकॉकची सूचना होती की बाथरूमच्या खुनाच्या सीनला संगीत नको. हरमनने तरीही लिहिलं, आणि सीनवर लावून दाखवलं. हिचकॉकने ऐकलं आणि आपला शब्द मागे घेतला. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. मलाही माहीत होती. मी ज्याकडे लक्ष दिलं नव्हतं ते वेगळंच होतं. तो सीन पुन्हा बघा, आणि व्हायोलिन्स सुरू व्हायच्या आधीचा भाग नीट ऐका. तिथे संगीत नाही. शॉवरचं पाणी पडतंय, फक्त पाण्याचा आवाज. पडद्यामागे सावली येते, तरी संगीत नाही. पडदा बाजूला सरकतो आणि त्या क्षणी व्हायोलिन्स फुटतात. आपल्याला तयारी करायला अर्धा सेकंदही मिळत नाही.

मी काय केलं होतं? मुलाने मान वळवायला सुरुवात करताच व्हायोलिन्स. नळ दिसायच्या साधारण दोन सेकंद आधी. म्हणजे प्रेक्षकाला आधीच सांगून टाकलं की बाबांनो, आता घाबरायचंय हं. शिवाय हरमनने वाजवलेली व्हायोलिन्स मी उचलली, पण त्याच्या आधीची शांतता उचलायची राहून गेली. आमच्याकडे पाण्याचा आवाजही होता. फुकटात! तो मी व्हायोलिन्सखाली दाबून टाकला.

'सायको'मधला अजून एक सीन मला आता जास्त महत्त्वाचा वाटतो. मेरियन ४०,००० डॉलर चोरून गाडीने निघालीय. पाऊस, वायपर, समोरून येणारे दिवे. आवाज बंद करून बघा. एक बाई गाडी चालवतेय, एवढंच दिसतं. हरमनचं संगीत चालू केलं की तीच बाई धोक्याकडे चाललेली दिसते. चित्रात काहीच घडत नसताना पोटात गोळा आणायचं काम संगीत करतं.

आता याच जोडीची दुसरी गोष्ट. हरमन आणि हिचकॉक १९५५ पासून एकत्र काम करत होते. १९६६ साली 'टॉर्न कर्टन' नावाचा सिनेमा आला. स्टुडिओला आधुनिक, खपेल असं संगीत हवं होतं. हरमनने आपल्या पद्धतीचं जडशीळ संगीत लिहिलं. इथेही एक लांबलचक खुनाचा सीन होता, इथेही हिचकॉकने संगीत नको म्हटलं होतं, आणि इथेही हरमनने लिहिलं. या वेळी मात्र हिचकॉकने त्याला सिनेमातूनच काढलं. तयार सिनेमात तो खून संगीताशिवाय आहे. एका शेतघरात, धडपड, श्वास, भांड्यांचे आवाज, आणि माणूस मरता मरत नाही. गंमत म्हणजे तो सीनही जबरदस्त अंगावर येतो. म्हणजे सीनपुरतं बघितलं तर हिचकॉकही बरोबर होता. पण त्यानंतर त्या दोघांनी पुन्हा कधीच एकत्र काम केलं नाही.

हा भाग वाचला तेव्हा मला हॉस्टेलची रूम आठवली.

आता मी रूममेटचा ट्रॅक का काढला, त्याचं कारण सांगतो. त्या कारणाला सिनेमाच्या धंद्यात नाव आहे: टेम्प ट्रॅक. एडिटिंग चालू असतं तेव्हा संगीत तयार नसतं. सुनी टाइमलाइन बघवत नाही. मग एडिटर तात्पुरतं म्हणून दुसऱ्याच कुठल्या तरी सिनेमाचं संगीत लावतो. आठवडे जातात. कट त्या संगीताच्या ठोक्यावर बसायला लागतात. तोच सीन शंभर वेळा त्याच संगीतासकट बघितला जातो. शेवटी खरं संगीत येतं तेव्हा कानाला ते उपरं वाटतं. आम्ही कोडमध्ये लिहितो ना, 'हे तात्पुरतं आहे, नंतर बदलू', आणि पाच वर्षांनी तीच ओळ प्रॉडक्शनमध्ये चालू असते? अगदी तेच. माझ्या टाइमलाइनवर 'सायको' तीन आठवडे तात्पुरता बसला होता. पेटी आली तेव्हा ती मला कमी वाटली. ती कमी नव्हती. माझ्या कानाला सवय लागली होती.

या सवयीचा सगळ्यात मोठा बळी म्हणजे ॲलेक्स नॉर्थ. स्टॅनली कुब्रिकबरोबर त्याने आधी 'स्पार्टाकस' केला होता. '२००१: अ स्पेस ओडिसी'साठी कुब्रिकने त्याला बोलावलं. एडिटिंगच्या वेळी कुब्रिकने अभिजात संगीताच्या रेकॉर्ड लावल्या होत्या, आणि त्या त्याला इतक्या आवडल्या की त्याने त्याच ठेवल्या. नॉर्थचं संगीत लिहून, रेकॉर्ड करून झालं होतं. १९६८ साली नॉर्थ न्यूयॉर्कला सिनेमा बघायला गेला, आणि आपला एक सूरही त्यात नाही हे त्याला तिथे खुर्चीत बसून कळलं. ते संगीत जगासमोर आलं १९९३ साली, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, जेरी गोल्डस्मिथने पुन्हा रेकॉर्ड केलं तेव्हा.

'२००१' महान सिनेमा आहे आणि त्यातलं संगीत अचूक आहे, हे मी नाकारत नाहीये. पण नॉर्थ त्या खुर्चीत बसला होता, हेही त्याच सिनेमाच्या इतिहासात येतं.

आता भयपटांकडे परत. १९७३ चा 'एक्झॉर्सिस्ट'. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनने आधी लालो शिफ्रिनला घेतलं होतं. 'मिशन इम्पॉसिबल'ची धून करणारा तोच. त्याचं संगीत फ्रीडकिनने नाकारलं आणि आधीच अस्तित्वात असलेल्या रचना निवडल्या. पोलंडचा पेंडेरेत्स्की, ऑस्ट्रियाचा वेबर्न, आणि माइक ओल्डफिल्ड नावाच्या एका इंग्रज पोराचा 'ट्युब्युलर बेल्स' हा अल्बम. पोराने तो रेकॉर्ड करायला घेतला तेव्हा त्याचं वय होतं १९. सुरुवातीची पियानोची ओळ सात आणि आठ मात्रा आलटून पालटून घेते, त्यामुळे पाय ठेका धरायला जातो आणि दर वेळी चुकतो.

पण ती धून सिनेमात वाजते कुठे? पलंग हलताना नाही, मान फिरतानाही नाही. त्या सीन्समध्ये बहुतेक नुसते आवाज आहेत: घरघर, श्वास, लाकूड. ती धून वाजते मुलीची आई शूटिंग संपवून घरी चालत येते तेव्हा. पानगळ, वारा, रस्त्यावर नन्सचे उडणारे झगे. काहीही वाईट घडलेलं नाही. हरमनच्या गाडीच्या सीनसारखंच झालं हे. साध्या दृश्यावर संगीत, भयानक दृश्यावर आवाज.

कुब्रिकने १९८० च्या 'द शायनिंग'मध्ये यावर कळस केला. वेंडी कार्लोस आणि रेचल एल्काइंड यांनी केलेल्या संगीतातला थोडाच भाग त्याने ठेवला. बाकी बार्टोकची १९३६ मधली रचना, लिगेटी आणि पुन्हा पेंडेरेत्स्की. इथे एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं, म्युझिक एडिटर गॉर्डन स्टेनफोर्थ. चित्र लॉक झाल्यावर संगीत चित्रावर बसवायचं काम त्याच्याकडे होतं. शेवटच्या धावपळीत पेंडेरेत्स्कीच्या रचनांचे वेगवेगळे तुकडे त्याने एकावर एक रचलेत. प्रत्येक सूर दुसऱ्याने लिहिलेला, पण आपल्याला जी भीती वाटते ती त्या मांडणीतून येते.

पेंडेरेत्स्कीची 'पॉलिमॉर्फिया' नावाची १९६१ ची रचना या दोन्ही सिनेमांत आहे. ४८ तंतुवाद्यं. सरकणारे, घासणारे, ठोकणारे आवाज, वारूळ फुटल्यासारखे. आणि एवढं सगळं करून ती रचना संपते कशावर? सी मेजरच्या स्वच्छ, प्रसन्न कॉर्डवर! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हेडफोन काढून बघितला, चुकून दुसरं गाणं लागलं का म्हणून. म्हणजे तीच रचना कुठे कापली यावर ती भयाण की दिलासा देणारी हे ठरतं.

आता न वाजवलेल्या संगीताबद्दल. 'जॉज', १९७५. जॉन विल्यम्सने स्टीव्हन स्पीलबर्गला पियानोवर दोन सूर वाजवून दाखवले. स्पीलबर्गला आधी ती थट्टाच वाटली. पण यांत्रिक शार्क शूटिंगमध्ये सारखा बंद पडायचा, त्यामुळे कितीतरी वेळ पडद्यावर शार्कच नाही. ते दोन सूर म्हणजेच शार्क. हळू वाजले तर तो लांब, वेग वाढला तर जवळ.

सिनेमात दोन पोरं पुठ्ठ्याचा पंख लावून लोकांना घाबरवतात. किनाऱ्यावर पळापळ होते, आणि संगीत गप्प. कारण शार्क खरा नाही. सिनेमा आपल्याशी प्रामाणिक आहे, सूर वाजले तरच धोका, असं आपण शिकतो. आणि मग पुढे बोटीवरून चीफ ब्रॉडी वैतागून पाण्यात माशांचं खाद्य टाकतोय, आणि अचानक शार्कचं अख्खं तोंड वर येतं. आधी एकही सूर नाही! शिकवलेला नियम एकदाच मोडला, बरोबर जागी. त्या वर्षी 'जॉज'ला संगीताचं ऑस्कर मिळालं आणि एडिटर व्हर्ना फील्ड्सला संकलनाचंही. हे दोन पुरस्कार मला वेगळे करता येत नाहीत.

तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं. तर १९४९ साली मुंबईत मालाडला, बॉम्बे टॉकीजमध्ये, 'महल' तयार होत होता. संगीतकार खेमचंद प्रकाश, दिग्दर्शक कमाल अमरोही, संकलक बिमल रॉय. गाणं अशा बाईचं, जी दिसते न दिसते. तिचा आवाज लांबून यायला हवा होता. आज आपण एक स्लायडर खाली ओढतो. तेव्हा काय करणार? लतादीदींनी सांगितलेली गोष्ट आहे ही: त्यांना मायक्रोफोनपासून लांब उभं केलं, आणि सुरुवातीच्या ओळी म्हणत म्हणत त्या मायक्रोफोनकडे चालत आल्या. नायक पडद्यावर आवाज शोधतोय, आणि आवाज खरोखरच चालत येतोय. खेमचंद प्रकाश सिनेमा लागायच्या आधीच वारले. त्या गाण्याचं पुढे काय झालं ते त्यांना बघता आलं नाही.

आणि आता ज्याच्यासाठी हा भाग केला तो माणूस, जॉन कारपेंटर. कारण तो आमच्यासारखा होता, म्हणजे स्टुडंट फिल्म करणारा. वडील संगीताचे प्राध्यापक, केंटकी राज्यात बोलिंग ग्रीनला. मुलगा सिनेमा शिकायला दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात गेला. तिथे विद्यार्थ्यांनी केलेल्या 'द रिझरेक्शन ऑफ ब्रॉन्को बिली' या शॉर्टफिल्मचं संगीत आणि एडिटिंग त्याचं होतं. तिला १९७० चं ऑस्कर मिळालं. पुढचा 'डार्क स्टार'ही विद्यापीठातच सुरू झाला. संगीत पुन्हा स्वतःचं, कारण दुसऱ्याला द्यायला पैसे नव्हते.

१९७८ साली त्याने 'हॅलोवीन' केला, तीन लाख डॉलरच्या आसपास. संगीत घालायच्या आधी त्याने तो एका स्टुडिओतल्या एक्झिक्युटिव्ह बाईंना दाखवला. त्यांना अजिबात भीती वाटली नाही. मग त्याने संगीत केलं. लहानपणी वडिलांनी बोंगोवर पाच मात्रांचा ठेका शिकवला होता, तोच पियानोवर घेतला. आपल्याला झपताल माहीत असतो, त्यामुळे पाच-दहाचा हिशेब आपल्या कानाला नवा नाही. पण इथे तो सम आल्याचं समाधान देत नाही, नुसता फिरत राहतो. सिंथेसायझर चालवायला मदतीला डॅन वायमन होता. आणि एक गोष्ट वाचून मी उडालो: हे संगीत वाजवताना समोर चित्र चालू नव्हतं. तुकडे असेच वाजवून रेकॉर्ड केले आणि नंतर सिनेमावर बसवले. एडिटिंगला होता टॉमी ली वॉलेस, चार्ल्स बोर्नस्टाइनबरोबर. वॉलेस म्हणजे बोलिंग ग्रीनचाच, कारपेंटरचा लहानपणापासूनचा मित्र. काही महिन्यांनी त्याच बाईंनी सिनेमा संगीतासकट बघितला. या वेळी त्यांना तो आवडला. मधल्या काळात फक्त संगीत आलं होतं.

तर मंडळी, आता पेटीकडे.

या भागाची तयारी करताना मी जुनी हार्ड डिस्क काढली. फिल्मच्या फोल्डरमध्ये त्याची फाइल होती. नीट ऐकली, बहुतेक पहिल्यांदाच. त्यात धून नव्हतीच. त्याने पेटीची एकही पट्टी न दाबता नुसता भाता हलवला होता. आत-बाहेर, आत-बाहेर. जुनी पेटी, गळका भाता, त्यामुळे हवा अशी सुटत होती की कुणीतरी तोंड उघडं ठेवून श्वास घेतंय. मग अगदी खालचा एक सूर, कळेल न कळेल असा. तो वाढतो आणि मध्येच तुटतो.

(एपिसोडमध्ये इथे वीस सेकंद ती फाइल वाजते. हेडफोन लावून ऐका.)

एका रविवारी मी बसलो. व्हायोलिन्स काढली. भाता मी अगदी सुरुवातीला ठेवला, मुलगा रूमचं दार उघडतो तिथे, जिथे काहीच घडत नाही. आवाज खूप कमी, मग कॉरिडॉरभर हळूहळू जवळ. मुलगा नळ बंद करतो तिथे भाताही थांबवला. पुढे फक्त चपलांचा आवाज. सहा पावलं. मग पाणी. मान वळताना काहीही नाही.

रात्री अकराला घरी एकटाच बघत होतो. उठून स्वयंपाकघरातला नळ बघून आलो.

मग ते त्याला पाठवलं. मधल्या काळात आम्ही बोलायचो, वाढदिवस, नोकरी, लग्नाची पत्रिका, पण या विषयावर कधीच नाही. सोबत लिहिलं, "तेव्हा तुला न विचारता काढलं होतं. चूक होती. सॉरी." दोन निळ्या रेघा आल्या, उत्तर नाही. मी फोन ठेवला, उचलला, ठेवला. पाऊण तासाने मेसेज आला:

"बघितलं. दार उघडल्या उघडल्या भाता नको रे. दोन सेकंद उशिरा सुरू कर."

मी दोन सेकंद पुढे सरकवला. त्याचंच बरोबर होतं.

तुमच्यापैकी कुणी स्टुडंट फिल्म करत असेल तर टेम्प ट्रॅक जरूर लावा, पण पहिल्या कटनंतर एकदा तो बंद करून सीन बघा. आणि कुणाचं संगीत काढायचंच झालं तर काढा, तो तुमचा हक्क आहे. फक्त शो व्हायच्या आधी त्याला फोन करा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि नळ नीट बंद करा.